भाडं न्यायला माणूस यावा

"आजी, घर का विकताय ते एका वाक्यात सांगा," असं म्हणून तबस्सुमनं पेनाचं टोपण काढलं.

मी म्हटलं, "उंबऱ्याखाली नाग आहे. माझ्या सासऱ्यांनी त्याला रोज वाटीभर दूध कबूल केलं होतं. आता दुधाचा भाव तुला माहितीय. म्हटलं, घर नागासकट तुमच्या ट्रस्टच्या गळ्यात घालावं."

तिनं टोपण परत लावलं.

"नाग राहू दे. परवा फोनवर तुम्ही म्हणाला होता की भिंतीत हंडा आहे."

"आहेच की. नाग त्याच्यावरच बसतो."

पोरगी हसली नाही. म्हणजे हसू आलं होतं, पण नोकरीवरचा माणूस गिळतो तसं तिनं ते चहाच्या घोटाबरोबर गिळलं. तबस्सुम आत्तार तिचं नाव. सांगलीच्या ओसरी ट्रस्टमधून एसटीनं यायची. खांद्याला पिशवी, एका मनगटात मोठं पुरुषी घड्याळ आणि दुसरा हात ओकाबोका. पहिल्या दिवशी तिनं दारात पाय ठेवला तेव्हाच माझी नजर त्या मोकळ्या हातावर गेली होती. आम्ही कासार. आम्ही माणसाचं तोंड नंतर बघतो, आधी मनगट.

याला आता बरीच वर्षं झाली. तेव्हा माझे गुडघे गेले होते, पण जीभ शाबूत होती. आता जीभ तेवढी राहिलीय.

विट्यातल्या अर्ध्या बायकांच्या हातात मी बांगड्या भरल्यात. आठवडी बाजारात, लग्नघरात, डोहाळजेवणाला. लोकांना वाटतं हे हाताचं काम आहे. हे तोंडाचं काम आहे. अंगठ्याखालचं हाड आडवं येतं. पंजा चेपून, बोटं गोळा करून त्या हाडावरनं काच उतरवायची म्हणजे दुखणारच. दुखलं की बाई हात ओढते, हात ओढला की बांगडी वाढते. फुटली म्हणत नाहीत आमच्यात, वाढली म्हणतात. तर बाईनं हात ओढू नये म्हणून गोष्ट सांगायची. आणि साधी गोष्ट चालत नाही, साध्या गोष्टीत माणसाला आपला हात आठवतो. तोंडाचा आ झाला पाहिजे. हत्तीनं अंडं घातलं, इथून सुरुवात करायची. अंड्यातनं काय निघालं ते कळेपर्यंत डझनभर चढलेल्या असतात. हे मला सासूनं शिकवलं आणि मग मी सासूच्याही पुढं गेले. पुढं पुढं हात समोर नसला तरी मी सांगायला लागले. काय करणार, सवय.

तबस्सुमला हे सगळं मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. वाढलेल्या बांगडीचे तुकडे आम्ही जमिनीवर राहू देत नाही, डबीत जमवतो आणि नदीला सोडतो, तेही सांगितलं. आणि कासारीण आपल्या हातानं आपल्याला बांगडी भरत नाही, दुसरीनं भरावी लागते, तेही. ती सगळं ऐकून घ्यायची. तसं ऐकून घेणारं कुणी त्या घरात बऱ्याच दिवसांत आलं नव्हतं.

आमच्या गावाची तऱ्हा न्यारी. इथला पुरुष परमुलखात जाऊन सोनं-चांदी गाळतो. गलाई म्हणतात त्या धंद्याला. केरळात, मद्रासकडं, पंजाबात, जिथं सराफ आहे तिथं विट्याचा माणूस भट्टी पेटवून बसलेला. चार पैसे झाले की गावी येऊन मोठं घर बांधतो, वास्तुशांतीला गाव जेवू घालतो, आणि दाराला कुलूप लावून परत जातो. माझ्या आळीत दोन्ही बाजूंना तशीच घरं. गुलाबी, पिस्ता रंगाची, गच्चीवर विमानाच्या आकाराची पाण्याची टाकी. दिवाळीत आणि जत्रेला उघडतात. एरवी आळीत आवाज कसला, तर वारा सुटला की कुलपं कडीवर आपटतात त्याचा. मी नावं ठेवली होती त्या कुलपांना. कोपऱ्यावरचं ते भागवत. रात्रंदिवस वाजायचं.

माझा उत्तमही कोइमतूरला. बायको-पोरांसह. मी जाऊन राहून आले तिकडं. भात चांगला, सून चांगली, पण शेजारणींना मी हत्तीच्या अंड्याची गोष्ट खुणा करून सांगितली तर त्यांनी मला डॉक्टर बोलावला. मी परत आले.

ट्रस्टचं काम सरळ होतं. म्हाताऱ्या माणसाचं लहानसं घर विकत घ्यायचं, गळकं छप्पर, खचलेली भिंत नीट करायची, आणि त्याच माणसाला त्याच घरात भाड्यानं ठेवायचं. भाडं अगदी थोडं. जिवंत आहे तोवर कुणी ऊठ म्हणणार नाही. माणूस गेलं की ते घर दुसऱ्या अडलेल्या कुटुंबाला तशाच थोड्या भाड्यानं. समोरचे भानुदासशेठ एर्नाकुलमहून फोन करून मला ट्रस्टपेक्षा जास्त देऊ बघत होते, पण त्यांना माझं घर पाडून दिवाळीपुरती गाडी लावायची होती. मी त्यांना म्हटलं, गाडीच्या डिकीत मला जागा देणार असाल तर विचार करते.

ट्रस्टला मी हो म्हटलं. फक्त माझी एक अट होती. दर महिन्याला भाडं न्यायला ट्रस्टचा माणूस घरी आला पाहिजे. स्वतः. दार वाजवून.

घोडं तिथंच अडलं होतं.

"आजी, बँकेतनं आपोआप जातं हो भाडं," तबस्सुम म्हणाली. "तुम्हाला जागचं उठायलासुद्धा लागणार नाही."

"मला उठायचंय."

"सांगलीहून दर महिन्याला एक माणूस फक्त भाड्यासाठी पाठवायचा, तर साहेब कारण विचारणार. नुसतं विचारणार नाहीत, लिहून मागणार. उद्या सगळेच भाडेकरू म्हणाले तर?"

मी कारणं दिली. बँकेच्या जिन्यात एक मुंजा बसतो, म्हाताऱ्यांचे पैसे मोजताना मधेच फुंकर मारतो. तिनं मान हलवली. माझ्या हातची नोट ज्याच्या हातात पडते त्याला बढती मिळते, असं म्हटलं. ती म्हणाली, मग मला मिळायला पाहिजे होती, मागच्या खेपेला रिक्षाचे सुट्टे तुम्हीच दिले होते. पोरगी तयार होत चालली होती.

"आजी, खरं कारण."

मग मी तिला राणीची गोष्ट सांगितली.

"मागच्या आषाढात मला राणीचं बोलावणं आलं. पालखी नाही, घोडा नाही. पायाखालची फरशीच सरकली आणि मी थेट महालात. आडवी. महाल सगळा दगडी, आणि गार इतका की पाठीला शेवाळ धरावं. राणी म्हणाली, द्वारके, आलीस तशी पडून राहा, आमच्या दरबारात कुणी उभं राहत नाही. तिथं कारंजं होतं. पण राणी मुलखाची चिक्कू. एका वेळी एकच थेंब सोडायची. दिवाणजी भिंतीवर चिकटलेले, पापणी म्हणून लवायची नाही. मी काही बोलले की ते चुकचुकायचे, म्हणजे खरं आहे म्हणून शिक्का मारायचे. खिडकी एकच आणि ती आभाळाला टेकलेली. तिच्यातनं नारळाची शेंडी दिसायची, कधी उन्हात, कधी अंधारात, परत उन्हात. म्हटलं, एवढ्या लांब आलेच आहे तर धंदा करावा. आरोळी दिली. बांगड्याऽऽ. पूर्वी माझी आरोळी पार स्टँडपर्यंत जायची. पण राणीच्या शहरात सगळ्या दारांना कुलपं. एक दार उघडलं नाही."

"मग?" तबस्सुम म्हणाली. चहा तिच्या हातात निवला होता.

"मग काय. राणीला माझ्या काळ्या बांगड्या आवडल्या, डाव्या हातातल्या काढून घेतल्या तिनं. परत यायची वाट मला माहीत नव्हती. शेवटी राजाचा जकातदार आला कर मोजायला, त्यानं बाहेर काढलं. जकातदार भला माणूस. कुणी येवो न येवो, जकातदार येतोच."

"या गोष्टीत हत्ती नाही?"

"महालाच्या दारातनं मावला नाही."

मी तिला खायला गुळाची पोळी दिली होती, तिचे हात चिकट झाले होते. हात धुते म्हणून मोरीत गेली. हात धुवायला लागतो त्याहून जास्त वेळ तिला लागला. बाहेर आली तेव्हा एका हाताची मूठ मिटलेली होती. ती मूठ तिनं पिशवीत घातली आणि मोकळी करून बाहेर काढली.

"राणीच्या कारंज्याचा वॉशर गेलाय आजी," ती म्हणाली. "घर आमच्याकडं आलं की पहिल्यांदा तो बदलून देऊ."

मी तिच्याकडं बघितलं नाही. कपबशा गोळा करायला घेतल्या.

पुढच्या आठवड्यात उत्तम आला. ट्रस्टनंच त्याला कळवलं होतं. घर माझ्या नावावर, पण पुढं तंटा नको म्हणून मुलाची संमती घ्यायची त्यांची रीत होती. दोन रात्रींचा प्रवास करून आलेला माणूस, अंघोळ केली, जेवला, आणि मग हळूहळू चढत गेला. आळीत कुणी ऐकायला नव्हतं ते त्या दिवशी बरंच झालं.

लोक काय म्हणतील, हा पहिला मुद्दा. पोरगा परमुलखात सोनं गाळतोय आणि आई स्वतःच्याच घरात भाडेकरू. दुसरा मुद्दा भानुदासशेठ. तिसरा मुद्दा त्यानं खिशातनं काढून समोर ठेवला. रेल्वेची तिकिटं. त्याचं आणि माझं.

"तू माझ्याकडं चल," तो म्हणाला. "घर शेठना देऊन टाकू. विषय संपला."

"तुझ्याकडं मी काय करू?"

"इथं काय करतीस?"

मी म्हटलं, नागाला दूध कोण पाजणार. त्यानं कपाळाला हात लावला. चिडला की तो हुबेहूब त्याच्या बापासारखा दिसतो. बापानं मात्र माझी एकही गोष्ट अर्ध्यात तोडली नव्हती. खोटी आहे हे माहीत असून शेवटपर्यंत हुंकार द्यायचे.

दुसऱ्या दिवशी सकाळी तबस्सुम आणि तिचे मोघे साहेब आले. साहेब निवृत्त इंजिनीअर, पांढराशुभ्र शर्ट, पायातल्या चपला बाहेर ओळीत काढून आत आले. खाटेवर बसण्याआधी त्यांनी वर बघितलं, वासे ठीक आहेत का ते. माणूस सज्जन होता. त्यामुळंच मला भीती वाटत होती. लबाड माणसाला गोष्टीत गुंडाळता येतं, सज्जन माणूस प्रश्नच सरळ विचारतो.

"आजी, तुमची अट आम्ही वाचली," ते म्हणाले. "कारण समजलं तर आम्ही विचार करू."

मी तोंड उघडणार तेवढ्यात उत्तम बोलला. आवाज खाली ठेवून बोलला, पण मी तिथंच होते.

"साहेब, तिला विचारून उपयोग नाही. तिला खरं-खोटं वेगळं करता येत नाही आता. तुम्हाला नाग सांगेल, मला फोनवर राणी सांगते. अशा माणसाची सही तुम्ही कशी घेणार?"

मोघे साहेबांनी चष्मा काढून पुसला. मग माझ्याकडं बघून, अगदी हळुवारपणे, म्हणाले की असं असेल तर आधी डॉक्टरांचा दाखला लागेल, आजी शुद्धीत व्यवहार करतायत असा. तोवर थांबावं. त्यांनाही म्हाताऱ्या माणसाला फसवल्याचा डाग नको होता.

थांबावं म्हणजे काय ते मला कळत होतं. तिकिटं परवाची होती. दाखल्यासाठी मी डॉक्टरपुढं बसणार, डॉक्टर विचारणार आज वार कोणता, आणि मी जिभेला आवर घालू शकणार नाही. मग उत्तम हात धरून मला गाडीत बसवणार. भानुदासशेठ पहार आणणार. आणि मी कोइमतूरच्या खिडकीत बसून मरेपर्यंत खुणा करणार.

बाहेर कोपऱ्यावरच्या कुलपाचं भागवत चालू होतं.

तबस्सुम उठली. खुंटीला माझ्या बांगड्यांच्या माळा टांगलेल्या असायच्या, विकायच्या नव्हेत, नुसत्या. त्यातनं तिनं हिरव्यांची एक माळ काढली, माझ्यासमोर जमिनीवर बसली आणि मोकळा हात पुढं केला.

"आजी, मला भरा," ती म्हणाली.

"आत्ता?" उत्तम म्हणाला.

"दोन मिनिटं लागतील," ती त्याला म्हणाली. "तुम्ही बसा."

हात पुढं आला की कासारणीला नाही म्हणता येत नाही. मी तिचा पंजा घेतला. कामाचा हात होता, हाडं रुंद, अंगठ्याखालचं हाड तर दगड. चेपायला लागले. बोटं जुळवली, पहिली बांगडी बोटांवरनं खाली आणली, हाडाशी टेकवली. आता गोष्ट. सवयीनं मी श्वास घेतला, हत्ती म्हणायला ओठ उघडले. तिनं दुसऱ्या हातानं पिशवीतनं एक कागदाची पुडी काढून माझ्या मांडीवर ठेवली. पुडी अर्धवट उलगडली. आत काळ्या काचेचे तुकडे.

मोरीत हंड्याच्या मागं पडले होते ते. मला माहीत होतं तिथं आहेत. मला वाकून तिथवर हात नेता येत नव्हता.

हत्ती आला नाही. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या हातात कुणाचा तरी हात होता आणि सांगायला गोष्ट नव्हती. मी बांगडी रेटली. तिनं ओठ आवळले, पण हात ओढला नाही.

"आषाढात मी मोरीत पडले," मी म्हटलं. तिच्या हाताकडं बघत म्हटलं. "कमरेतनं उठता येईना. हाका मारल्या. कुणी नव्हतं. नळातनं थेंब पडत होता तिथवर सरकले आणि तोंड उघडून पडून राहिले. भिंतीवर पाल होती, तिच्याशी बोलत होते. एवढं पडल्यावर माणूस कशाशीही बोलतं. उजेड गेला, आला, परत गेला."

दुसरी बांगडी चढवली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. गोष्टीशिवाय भरलं की फार दुखतं.

"शेवटी मीटरचं रीडिंग घ्यायला माणूस आला. तेव्हा मीटर पडवीत होतं. त्यानं दार वाजवलं. मला ओरडता येईना, घसा बसला होता. तो घर बंद म्हणून लिहून निघाला असणार. मी तांब्या आपटला. मग परड्यातनं आत आला तो. त्यानंच दवाखान्यात नेलं. दिवाळीनंतर मीटर बाहेर खांबावर लावलं. आता तो येत नाही."

तिसरी हाडावर अडली. मी जोर लावला आणि ती वाढली. काच तिच्या अंगठ्याला लागली, बारीकसं रक्त आलं. मी पदर दाबला.

"साहेब, मालकिणीचं दार कोण वाजवणार?" मी म्हटलं. "भाडेकरणीचं वाजवतात. भाडं थकलं तर दोनदा वाजवतात. दार नाही उघडलं तर फोडतात. मला तेवढंच पाहिजे. तुमचा माणूस बसला नाही तरी चालेल. चहा घेतला नाही तरी चालेल. दार वाजवून, मी उघडलेलं बघून, भाडं घेऊन गेला तरी पुष्कळ."

मोघे साहेब वाशांकडं बघत होते. वाशांत बघण्यासारखं काही नव्हतं.

उत्तम उभा होता तो खाली बसला. खाटेवर नाही, जमिनीवर, लहानपणी बसायचा तसा भिंतीला टेकून. म्हणाला, "मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं की. दवाखान्यातनं घरी आले त्याच दिवशी फोन केला होता तुला. राणीची गोष्ट सांगितली. महाल, कारंजं, सगळं सांगितलं. तू म्हणालास, बरं बरं, आई, गिऱ्हाईक आलंय."

मी त्याला टोचायला बोलले नव्हते. झालं तसं सांगितलं. पण खरं बोलायची सवय नसली की ते कुठं लागेल याचा अंदाज येत नाही. तो उठून मोरीत गेला. आत पाणी पडल्याचा आवाज झाला नाही. नुसता थेंब.

संमतीवर त्यानं सही केली. डॉक्टरच्या दाखल्याचं नाव परत कुणी काढलं नाही. साहेबांनी माझी अट आपल्या अक्षरात लिहून घेतली, आणि एक वाक्य स्वतःच्या मनानं जोडलं. मला वाचून दाखवलं. दार न उघडल्यास ट्रस्टच्या प्रतिनिधीने परत न जाता आत प्रवेश करावा. मी म्हटलं, साहेब, फोडलेल्या कडीचा खर्च कुणाचा? ते म्हणाले, मालकाचा, आजी. आता मालक आम्ही.

उत्तम एकटाच परत गेला. माझं तिकीट त्यानं रद्द केलं नाही, खिशात तसंच ठेवलं. स्टँडवर मला म्हणाला, रोज फोन करीन. मी म्हटलं, रोज नको, गिऱ्हाईक सोडू नकोस. त्यानं काही दिवस रोज केला. मग आठवड्यानं. बोलतो, ऐकतो, मधेच विचारतो, आई, या गोष्टीत काय खरं आहे? पूर्वी बरी होती माझी गोष्ट. आता प्रत्येक हत्तीची त्याला भीती वाटते.

आणि मग पहिल्या भाड्याचा दिवस आला.

मी सकाळपासून तयार होते. भाडं देवाच्या फडताळात ठेवलं, मग तिथनं काढून कमरेला खोचलं. अंगण झाडलं. नळाचा वॉशर गेल्याच आठवड्यात बदलून गेला होता, त्यामुळं घरात कसलाच आवाज नव्हता. मला त्या थेंबाची आठवण येईल असं कधी वाटलं नव्हतं. मागचं दार आतनं लावून घेतलं, पुढच्या दाराला कडी घातली आणि दाराआड स्टुलावर बसले.

उन्हं तापली तेव्हा आळीत पावलं वाजली. थांबली. आणि दारावर हात पडला.

हात पडायच्या आधी बांगड्या वाजल्या. मी भरलेल्या. हिरव्या, दोनच, पण रिकाम्या आळीत त्या काय वाजल्या म्हणता.

मी उठले. कडीला हात लावला आणि थांबले.

"आजी," तबस्सुम बाहेरून म्हणाली. "भाडं."

मी गप्प. परत बांगड्या वाजल्या, परत दार वाजलं, या वेळी जोरात. मग "आजी," असं नाही, "अहो आजी." मग तळहातानं. दाराची फळी माझ्या छातीशी थरथरत होती. मी कपाळ टेकवून उभी राहिले. माझ्या नावानं कुणी एवढं दार वाजवलेलं मला आठवत नव्हतं. लग्न होऊन आले तेव्हाही नाही, तेव्हा दार उघडंच होतं.

तिची पावलं परड्याकडं पळाली. मागचं दार हलवलं. परत पळत पुढं आली. पिशवी टाकल्याचा आवाज झाला, आणि आता ती खांदा लावणार असं वाटलं तेव्हा मी कडी काढली.

ती अर्धी आत आली आणि मला धरून उभी राहिली. घामाघूम. पायांपासून डोक्यापर्यंत मला बघितलं. मी धडधाकट, पदर नीट, कमरेला भाडं.

"कुठं होता?" ती म्हणाली.

"दिवाणजींनी बोलावलं होतं," मी म्हटलं.

तिला कळलं. दाराआडचं स्टूल तिनं बघितलं, माझ्या कपाळावर फळीचा वळ उठला होता तो बघितला. मला वाटलं ओरडेल. ओरडली असती तर बरं झालं असतं. तिनं नुसता दम घेतला, भाडं मोजून पिशवीत टाकलं, आणि खुंटीवरनं काळ्यांची माळ काढली.

"बसा," ती म्हणाली. "डावा हात द्या."

"तुला येतं का भरायला?"

"नाही येत. द्या."

मी हात दिला. काय ते चेपणं, पीठ मळावं तसं. बोटं जुळवायची सोडून अंगठाच पिरगाळला. काच हाडाशी आणून टेकवली आणि बोलायला लागली.

"एक म्हातारी होती. तिला भाडं द्यायचं होतं, पण ती दार उघडायची नाही. आत उभी राहून नुसती ऐकायची."

"खरी गोष्ट चालत नाही," मी म्हटलं. "दुखतंय."

ती थांबली. विचार करत माझ्या हाताकडं बघत राहिली. मग माझी बोटं नीट गोळा केली, बांगडीवर अंगठा ठेवला आणि म्हणाली,

"हत्तीनं अंडं घातलं."

मी हुंकार दिला.